आवळलेला जबडा

३ नोव्हेंबर

धाकटीनेच सांगितलं! सुपरवायझरने तोंडावर ऐकवलं — "तुमच्या जाऊबाईच म्हणाल्या, ताईंना चक्कर येते, कटिंगला ठेवू नका." कापड कापायच्या मशीनवर माझी हयात गेली. आता नव्या पोरींच्या रांगेत दोरे तोडत बसायचं. डोक्याचा रिपोर्ट आणा, मग बघू म्हणे.

परवा मशीनपाशी अंधारी आली, एवढंच. डोळे उघडले तर खाली फरशीवर, डोकं धाकटीच्या मांडीवर. उपाशी होते. कुणाला येत नाही चक्कर?

हिला शिवण मी शिकवलं. इथे मी चिकटवलं. बहिणीसारखी वागवली आणि हिने केसाने गळा कापला.

४ नोव्हेंबर

एकाच ओट्यावर दोघी, तोंडं दोन भिंतींकडे. धाकटी भांडी डाव्या हाताने घासत होती. उजव्या बोटाला हे भलं मोठं फडकं. आमच्या ह्यांनी विचारलं, तर म्हणे शिवताना सुई गेली. बरं झालं!

७ नोव्हेंबर

तपासणी. केसांत चिकट लगदा थापून डोकंभर तारा. तारा लावणारी पोरगी सारखी मागे — "मावशी, जबडा सैल सोडा."

"सोडलाय."

"कुठे सोडलाय? दात आवळलेत. हे बघा."

पडद्यावर सगळ्या रेघा काळ्याकुट्ट, एकीत एक घुसलेल्या. "हे मेंदूचं नाही, स्नायूंचं आहे. मेंदूच्या लहरी बारीक असतात. कानशिलं आवळली की झाकून जातात."

मी म्हटलं, दात माझे आहेत, पुढचा एक पडला, उरलेले आवळीन.

"एवढा राग कुणावर, मावशी?"

बाहेर बाकावर बसली होती ती. ह्यांनीच सोबत धाडलेली. काय सांगू!

९ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. तारावालीने वाचून दाखवला — सगळीकडे स्नायूंचीच हालचाल. म्हणजे मेंदू साफ! भानगड जबड्याची! पुढचं ऐकायला थांबलेच नाही. नेऊन सुपरवायझरपुढे आपटला. माल अडकलाय, तोही खूश — "उद्या बसा कटिंगला."

आणि धाकटी उठली. सगळ्यांसमोर! "साहेब, मेंदू साफ असं नाही लिहिलेलं. मेंदू दिसलाच नाही असं लिहिलंय. परत काढायला सांगितलंय."

बारावी झालीय ना ती. मी तिसरीतून उठलेली. घे, जीव घे माझा एकदाचा, म्हटलं. तर हीच रडायला लागली. रडूबाई! माझ्या जागेवर डोळा आहे तिचा, दुसरं काय.

१० नोव्हेंबर

आजही दोरेच. जबडा ठणकतोय.

१५ नोव्हेंबर

परत तारा. रात्रभर जागून या म्हणाले होते. धाकटी निघाली होती बरोबर — चप्पल काढ म्हटलं, घरी बस. एकटी गेले.

खाटेवर पडले आणि डोळाच लागला. उठले तर तोंड उघडं, उशी लाळेने भिजलेली. पोरगी म्हणाली, "झोपेत सोडलात बघा जबडा. आता साफ आल्या रेघा."

पण हसली नाही.

१६ नोव्हेंबर

फिट.

डॉक्टर म्हणाले, स्नायूंच्या गचपणाखाली हेच लपलं होतं. गोळ्या सुरू. मशीन बंद. कटिंगचं पातं चालू असताना आली असती तर मनगट गेलं असतं.

धाकटीवर जळफळत होते, इकडे माझंच डोकं मला दगा देत होतं! कुणाला शिव्या घालू आता?

जाता जाता डॉक्टर म्हणाले, "फिट येते तेव्हा दातखीळ बसते. घरच्यांना सांगा, तोंडात बोटं घालायची नाहीत."

१७ नोव्हेंबर

ओट्यापाशी धाकटीचा हात धरला. ओढायला लागली. सोडला नाही. फडकं उलगडलं.

"साहेबांना हे दिसलं असतं तर तुम्हाला कायमचं घरी बसवलं असतं ना, ताई."

सुई नव्हेच. दातांची रांग, खोल. आणि मध्ये एका दाताची जागा मोकळी — माझ्या फटीएवढी.