वाळवी दोन कॉलमांत बसवल्याची हकीकत

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा हल्ली साष्टांगाला राजी नसतो, तेव्हा तो कागदावरच स्वीकारावा.) तुमचा खोकला थांबला असेल. थांबला नसेल तर औषध पोटात जातं की बाटली नुसती उशाशी बसून असते, ते आधी कळवा. इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत. चहा तयार आहे हे त्यांना दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं, बाजारातून काय आणायचं ते शेजारी बसूनही येत नाही. डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत.

पत्राला उशीर झाला याबद्दल मी माफी मागणार नाही, कारण घरात लढाई चालू होती. ती मी जिंकली आहे. आता सुरुवातीपासून सांगते.

सूनबाई गेल्या महिन्यात कॉलेजच्या जिन्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नेमका तेव्हाच तिचा पेपर एका नियतकालिकाकडे पाठवायचा होता. विषय वाळवी. वारुळाच्या आत हवा कशी खेळते, यावर ही मुलगी काही वर्षं काम करते आहे. (आपल्याला वाळवी दिसली की आपण रॉकेलची बाटली शोधतो, ही थर्मामीटर शोधते.) तिची नोकरी अजून कच्ची आहे. हा पेपर स्वीकारला गेला तर ती पक्की होणार, नाहीतर नव्या सत्रापासून तिच्या टेबलावर दुसरं कोणीतरी बसणार. आमचा मुलगा कामासाठी परगावी, आणि इथे असता तरी त्याचा उपयोग प्लास्टरवर सही करण्यापुरताच झाला असता. म्हणून मी म्हटलं, "तू सांग, मी टाइप करते." ती म्हणाली, "आई, तुम्हाला येईल?" मी टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले तेव्हा हिची आईसुद्धा शाळेत होती. हे मी तिला सांगितलं नाही. नुसतं पाहिलं. ती सांगायला लागली.

टाइप उत्तम झालं. एक अक्षर चुकलं नाही. पेपर पाठवला आणि पुढच्याच आठवड्यात परत आला. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत गेलाच नव्हता, दारातूनच परत. कार्यालयाने कळवलं होतं की आमच्याकडे मजकूर दोन कॉलमांत लागतो, नियमावली पाहा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नीट करून पाठवा, नंतर आलेला लेख पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी त्या लेखाचं करायचं काय, पुड्या बांधायच्या?

मी ताबडतोब तुमच्या चिरंजिवांना फोन लावला. घराण्यात कॉम्प्युटरवाले तेच. ते म्हणाले, "मामी, तुम्ही कशालाही हात लावू नका. मी रविवारी येतो, निवांत बघतो." मी म्हटलं, "मुदत शुक्रवारची आहे." तर हसले. "अहो मामी, हे तुमच्या वयाचं काम आहे का?" वन्सं, मुलगा गुणी आहे, पण असं बोलायला त्याला कोणी शिकवलं? (तुम्ही नाही, हे मला माहीत आहे. त्याच्या वडिलांची बाजू मी या पत्रात काढत नाही.)

फोन ठेवला आणि दोन कॉलमांचं बटण दाबलं. काय झालं म्हणून सांगू! एक ओळ भरलेली, तिच्याखाली दोनच शब्द, मग पुन्हा भरलेली ओळ, पुन्हा दोन शब्द. सगळा पेपर दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसायला लागला. सूनबाई मागे उभी होती. तिने तोंडावर प्लास्टर धरलं. मग हळूच म्हणाली, "आई, तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलाय का?"

मारला होता. अर्थात मारला होता! टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, आपण दांडा सरकवतो आणि नवी ओळ सुरू करतो. या यंत्राला घंटीच नाही, म्हणून मी मनातल्या मनात वाजवत होते आणि एंटर मारत होते. कॉम्प्युटरला ओळ आपोआप खाली नेता येते, हे त्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही. याला मी माझी चूक मानत नाही.

सूनबाईने लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबायला सांगितलं. प्रत्येक एंटरची खूण दिसायला लागली. पानोपान, ओळीओळीला, जिकडे तिकडे खुणा. ती म्हणाली, "आता एकेक काढत बसावं लागेल." माझा त्यावर विश्वास बसेना. हल्ली ऑफिसांतून सगळ्या पत्रांतलं एखादं नाव एकदम बदलता येतं, हे मी ऐकून होते. मग एंटर का बदलता येऊ नये? शोधलं, सापडलं. सगळ्या एंटरांच्या जागी मोकळी जागा घाला, असा हुकूम सोडला. यंत्राने तो पाळला. (या बाबतीत ते तुमच्या बंधूंपेक्षा बरं.) पण इतका पाळला की शीर्षक, सूनबाईचं नाव, वाळवी, निष्कर्ष, संदर्भ, सगळं एकाच परिच्छेदात गोळा झालं. त्या गर्दीत सूनबाईचं नाव वाळवीच्या एका जातीला जाऊन चिकटलं. ती खाली बसली. "गेला पेपर," म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली, तेही डाव्या हाताने, त्यामुळे नीट पुसताही येईनात. तुमचे बंधू दारात येऊन म्हणाले, "कात्रीने कापून डिंकाने चिकटवा की." त्यांना बाजारात पाठवलं.

मग मी केलेलं परत फिरवलं आणि शांतपणे विचार केला. लाँड्रीत कपडे देताना आपण काय करतो? आपल्या कपड्यांना खूण करतो. परिच्छेद संपतो तिथे मी दोन एंटर मारले होते, ओळ संपते तिथे एक. म्हणजे जोडीने असलेले ठेवायचे, एकटे असलेले काढायचे. आधी प्रत्येक जोडीच्या जागी एक असा शब्द घातला की जो वाळवीच्या पेपरात चुकूनही येणार नाही. भोपळा. मग एकट्या एंटरांच्या जागी मोकळी जागा घातली. मग प्रत्येक भोपळ्याच्या जागी एक एंटर ठेवला. मधल्या वेळात सूनबाई तोंड धुऊन आली आणि तिने कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. वारुळाच्या भिंतींविषयी लिहिलंय, भोपळा, आतलं तापमान दिलंय, भोपळा. मला वाटलं आता ही पडते आणि हिचा दुसराही हात जातो. पण मी शेवटचा हुकूम दिला आणि सगळे परिच्छेद आपापल्या जागी उभे राहिले. दोन कॉलमांचं बटण दाबलं. वन्सं, कडेला दोरी धरल्यासारख्या सरळ ओळी! संदर्भांची यादी तेवढी एकमेकांत अडकली होती, ती हाताने सोडवली. शुक्रवारी, उजेड असतानाच, पेपर रवाना झाला. सूनबाईने मला डाव्या हाताने मिठी मारली. मी म्हटलं, "पुरे." पण लगेच सोडवून घेतली नाही.

नियतकालिकाचं उत्तर आलं: मांडणी निर्दोष, लेख तज्ज्ञांकडे पाठवला आहे. निर्दोष हा त्यांचा शब्द, माझा नाही. तुमच्या चिरंजिवांना आवर्जून वाचून दाखवा.

या पत्रात माझं काही मागणं नाही, निव्वळ आनंदाची बातमी आहे. प्रकृती सांभाळावी. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमचे बंधू बाजारातून कात्री आणि डिंक घेऊन आले.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होते तोच तज्ज्ञांचा अभिप्राय आला. लेख चांगला आहे, पण तपासलेली सगळी वारुळं उघड्या माळावरची आहेत, झाडाच्या सावलीतलं एक तरी तपासा, या महिनाअखेर आकडे द्या, मग स्वीकारू. मांडणीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही, असो. तर तुमच्या परसात आंब्याखाली जे वारूळ आहे आणि जे येत्या सोमवारी माळ्याकडून खणून काढणार असं तुम्ही गेल्या पत्रात लिहिलंत, ते कृपा करून खणू नका. त्यात औषधही ओतू नका. आम्ही दोघी शनिवारी येतो, आठवडाभर राहतो. सूनबाई सांगेल, मी लिहून घेईन. वारुळात थर्मामीटरच्या नळ्या खुपसायला दोन धड हात लागतात, त्यासाठी तुमच्या चिरंजिवांनी रजा टाकावी.

ता. क. तिसरा. वारूळ ठेवलं तर तुमच्या नव्या दरवाजाचं काय, ही काळजी नको. ही वाळवी घराच्या लाकडाला सहसा लागत नाही, असं पेपरात स्पष्ट आहे. ('सहसा' हा शब्द काढ म्हणून मी सूनबाईला दोनदा सांगितलं. ती ऐकत नाही.)