ताईच्या पायावरचं पानी

२ ऑगस्ट ८३, मंगळवार
ओसरीच्या खोलीत राह्यते ते नंदाताई, तिनं वही देली. म्हने, वहिनी, रोज चार ओळी लिहत जा, कोनाले दाखवाचं नाई, मलेबी नाई. मी चौथी शिकलेली. एवढ्यातच बोटं दुखली.
माही लहानी आज तीन महिने चार दिवसाची. दुपारी झोपली तवा नाकाशी बोट धरून पाह्यलं. सात खेपा. सासू म्हने, "झोपू दे ना वं तिले! डोये फाडून काय पाह्यतं?" पाह्यतो म्हनजे पाह्यतो. पहिला पोरगा चाळीस दिवसाचा होता, झोपीतच गेला. दोन वर्षं झाले. साऱ्याइले एवढंच मालूम आहे.

५ ऑगस्ट, शुक्रवार
लहानीची लसीची सुई होती. यांच्यासंग दवाखान्यात गेली. हे तेथंच बगिच्याच्या कामावर गेले, मी बाकड्यावर बसली. समोर ताईची कामाची खोली, दार लोटलेलं.
अल्लीपूरची एक बाई आली. दीर धरून आनत होता, पाय टेकत नव्हते तिचे. आत गेली. घंटाभर काई आवाज नाई, रडनं नाई, ओरडनं नाई. मंग दार उघडलं. बाई सोताच्या पायानं बाहेर आली, पदर सारखा केला अन दिराले म्हने, "चाल, भूक लागली."
मी पाह्यतच राह्यली. ना गोळी, ना सुई.
सांजच्याले ताईले इचारलं, काय केलं तिले? ताई म्हने, "आयकलं." काय आयकलं? "ते तिचं आहे वहिनी, मी कशी सांगू?"
आमची ओसरीची खोली तिले देली तवा मी यांले म्हटलं होतं, पोट्टी आळशी दिसते, दिवसभर खुर्चीवर बसाचं शिक्षण कोठं असते का. असते. बी.ए.च्या पुढचं. आयकाचं शिक्षण!

९ ऑगस्ट, मंगळवार
ताईची भाकर अर्धी वापस आली. कालबी. कपडे न बदलता खाटेवर पडून राह्यते. सासूनं टोमना मारला, "बसून बसून दमते का वं बाई कोनी?" ताई हासली नाई.
तिची शिकवनारी बाई नागपूरवरून दर दुसऱ्या गुरुवारी येष्टीनं येते. ताईनं जेवढं आयकलं, त्यानं ताईच्या मनात काय झालं, ते त्या बाईले सांगा लागते. म्हनजे आयकनारीचंबी आयकते कोनी. मी म्हटलं, मंग बाईचं कोन आयकते? ताई म्हने, "त्यांचीबी एक बाई आहे, मुंबईले."
सयपाक करता करता तेच डोक्यात. कोठवर असन हे? एकीमांगं एक.

१० ऑगस्ट, बुधवार
आज लिहू नये वाटते. लिहतो तरीबी.
दवाखान्यात एकीचं लेकरू गेलं. ताई तिच्याजवळ बसून होती दिवसभर. तेथून सरळ घरात आली अन लहानीले घ्याले हात पुढं केले. मी लहानी ओढूनच घेतली. झटका बसला, रडाले लागली. ताईचे हात तसेच. खोलीत गेली.
चुकलं का माहं? आपल्याकडे मयतीहून आलं का दारातच पाय धुतेत, कडुलिंबाचा पाला दाताखाली धरतेत, मंग घरात. हे पोरगी रोज दुःखातून येते अन तशीच आत शिरते. सारं संग घेऊन. माह्या लहानीपाशी.

११ ऑगस्ट
आज दारातच उभी होती, पान्याचा गुंड भरून घेऊन. "ताई, थांबा. पाय पुढं करा."
"काऊन वहिनी?"
"आमच्याकडे रीत आहे."
पायावर पानी टाकलं. लिंबाचा पाला देला. चावला तिनं, तोंड असं केलं का मलेच हासू आलं. सासू आतून, "कोन मेलं वं तिचं?" ताई म्हने, "कोनी नाई आजी. रोज थोडं थोडं मरते."
ताई उंबऱ्यावरच बसून राह्यली. म्हने, अजून टाका पानी.

१३ ऑगस्ट, शनिवार
तीन दिवस झाले. येते, सोताच चपला काढते, पाय पुढं करते. पानी पडते तवा डोये मिटते. मंग कपडे बदलते, आंगनात बसते. आज दोन भाकरी खाल्ल्या, वरून ठेचा मांगतला.
पान्यानं एवढं होते? मले तं भेव वाटाले लागलं.

१८ ऑगस्ट, गुरुवार
नागपूरच्या बाई आमच्या घरी आल्या! पांढरे केस, सुती लुगडं, खुर्ची देली तं खालीच बसल्या. म्हने, "मागच्या खेपेला मी हिला म्हटलं होतं, अशीच राहिलीस तर यंदा घरी जा, अभ्यास पुढच्या वर्षी. आज आली तर चेहराच वेगळा. हे तुम्हाला कसं सुचलं?"
काय सांगू? ताईसाठी थोडीच केलं.
बाईनं सारं लिहून घेतलं. पानी कोठं, पाला कोनता, घरात पाय टाकायच्या आधी का मंग. वीस वर्षं पोरीइले शिकवून राह्यल्या, अन मी सांगतो ते लिहून राह्यल्या. मले घाम फुटला.
जाताना म्हने, रविवारी हिनं कोनाचंच आयकाचं नाई, तुम्ही लक्ष ठेवा.

२१ ऑगस्ट, रविवार
शेतातल्या निंदनाची सुट्टी, तिघी बाया आल्या ताईकडे. मी दारात आडवी. "आज नाई."
"काऊन? दुकान बंद आहे का?"
"हो, बंद. उद्या दवाखान्यात जाजो."
"तू कोन वं, तिची चपराशीन?"
मी म्हटलं, हो. ताई आतून आयकत होती, हासून हासून खोकला आला तिले. दुपारी डोक्याले तेल लावून देलं. झोपली. तोंड केवढं लहान दिसते झोपीत.

२४ ऑगस्ट, बुधवार
सांगून टाकलं. पानी तुमच्यासाठी नव्हतं ताई, माह्या लेकरासाठी होतं. तुमचंच भेव वाटत होतं मले.
ताई म्हने, "मंग काय झालं? पडलं तं माह्याच पायावर."
मंग थोड्या वेळानं, "एवढं भेता काऊन वहिनी?"
मी उठली. दूध उतू चाललं म्हटलं. चूल पेटलीच नव्हती.

२७ ऑगस्ट, शनिवार
लहानी दिवसातून दहा खेपा झोपते, दहा खेपा मी मरतो.
आज हिंमत केली. ताई, माहं आयकता का? ते दोन वर्षाआधीचं.
ताई म्हने, "नाई वहिनी."
डोक्यात जाळ झाला. साऱ्या जिल्ह्याचं आयकते, मी भाकर करून घालतो तं माहं नाई! तसंच बोलली. ताईच्या डोयात पानी आलं पन सरकली नाई. म्हने, "तुमच्या घरात मी झोपतो, जेवतो. लहानी मले आवडते. तुमचं आयकलं तं मी आयकनारी राह्यनार नाई, तुमच्यासंग रडत बसीन. मंग दोघीइलेबी कोन उचलन? बाई येतीन गुरुवारी. त्याइले सांगा."
बोललीच नाई मी तिच्यासंग दिवसभर. पानी टाकलं पन.

१ सप्टेंबर, गुरुवार
बाई दोनच्या येष्टीनं आल्या. सासू लहानीले घेऊन शेजारी गेली. ताई दवाखान्यात. ओसरीत आमी दोघी.
वाटलं बाई इचारतीन, कसा गेला. त्याइनं इचारलं, "नाव काय होतं त्याचं?"
नाव! बारसं राह्यलंच होतं. मनातल्या मनात ठेवलं होतं मी एक, यांलेबी कधी सांगतलं नाई. दोन वर्षात कोनी इचारलंच नाई, जसं तो माणूस नव्हताच. सांगतलं. बाईनं ते नाव मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडातून पहिल्यांदा आयकलं. आंगावर काटा आला, अजून आहे. नाव हितं लिहत नाई.
मंग त्याचे कान, त्याचा वास, हेच बोलत राह्यली. चार केव्हा वाजले मालूम नाई. खरं सांगाचं ते तोंडात आलं होतं, का त्याले पाजता पाजता माहाच डोया लागला होता. अन बाई उठल्या. "आज इथपर्यंत."
राग आला. एवढ्यात? येष्टी तं पाचलेबी आहे.
आता लिहता लिहता समजते. अशा येळेवर उठतेत म्हनून वीस वर्षं आयकून राह्यल्या. न उठत्या तं केव्हाच्या मेल्या असत्या.
तोंडातलं तोंडातच आहे. पुढच्या खेपेले निंगन का नाई, मालूम नाई. पन हितं वर लिहून बसली, तेबी आत्ताच पाह्यलं मी. लिहलं खरं.
सासू लहानीले घेऊन आली. झोपली आहे. बोट नेलं नाकाशी, आजची पाचवी खेप.