गोल मांडलेल्या खुर्च्यांचा निवाडा

दारव्हा,
१२ मे १९६२

श्रीयुत नानाजी यांस धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? ताईंचा खोकला उन्हाळ्यात तरी थांबला का? इकडे माझं सर्व ठीक आहे, असं लिहिलं आणि हात थांबला, कारण ते खरं नाही. माझी छाती सारखी धडधडते. इथल्या दवाखान्यातल्या नर्स बेबीताई म्हणतात की आजार काही नाही, भीती आहे. कशाची, ते सविस्तर सांगतो.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेतून रजा काढून मी नागपूरला एम.एड. करायला गेलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तेव्हा तुम्ही ‘काहून?’ असं विचारलं होतं. उत्तर अजून सापडलेलं नाही.) तिथे समूह-समुपदेशन असा एक विषय आहे. माणसांना गोल बसवायचं, मनातलं बोलू द्यायचं, बोलता बोलता त्यांचं ओझं उतरतं, असा त्याचा सारांश. मार्गदर्शकानं उपदेश करायचा नाही. समोरचा जे म्हणेल ते हळुवारपणे त्यालाच परत म्हणून दाखवायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं तरी मला जमेल असं वाटलं होतं.

सरावाला घरात सत्यशीलाच होती. ती म्हणाली, वरण करपलं. मी म्हणालो, म्हणजे तुला असं वाटतं की वरण करपलं. ती म्हणाली, वाटत नाही, करपलंय. (पुढे तेच वरण आम्ही न बोलता जेवलो.) मग एका संध्याकाळी ती म्हणाली, तुम्ही नागपूरला असता तेव्हा मला फार एकटं वाटतं. मी म्हणालो, म्हणजे तुला एकटं वाटतं. आणि पुस्तकातल्याप्रमाणे गप्प राहिलो. “मी काय विहिरीत बोलून राह्यली?” एवढंच ती बोलली आणि सकाळच्या यष्टीनं उमरखेडला माहेरी गेली. तुम्ही तिथेच राहता, तेव्हा पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

अशा अवस्थेत माझं प्रात्यक्षिक आलं. नागपूरहून परीक्षक इथल्या आमच्या शाळेत आले आणि वर्गाच्या कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसले. मी खुर्च्या गोल मांडल्या. बेबीताई आल्या, सायकल दुरुस्तीवाले मुख्तारमिया आले, जवळच्या बंजारा तांड्यावरचे फुलसिंग आले (आले म्हणजे, नातवाचा दाखला न्यायला आले होते, मी अडवून बसवले), आणि आणखी दोघे, ज्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. सुरुवात गटानं करायची असते, म्हणून मी गप्प. माझं बघून तेही गप्प. परीक्षकांच्या पेन्सिलीचा आवाज येऊ लागला आणि माझी बंडी पाठीला चिकटली.

आता तांड्यात माणसं अशी गोल करून गंभीर बसली की तो नसाब असतो, म्हणजे तांड्याचं न्यायासन. कोणीतरी चुकलेलं असतं आणि निवाडा होईपर्यंत उठायचं नसतं. हे मला कुठे माहीत? फुलसिंग उठले, बाहेर जोडे काढून आले, नीट बसले आणि म्हणाले, “चुकलं कोन?”

“मास्तरच असतीन,” मुख्तारमिया म्हणाले. “घाम त्याइलेच फुटून राह्यला.”

मी म्हणालो, म्हणजे तुम्हाला असं वाटतं की मी चुकलो. त्यावर, कबूल केलं, असं फुलसिंगांनी सर्वांना सांगितलं. (इथे परीक्षकांनी काहीतरी लिहिलं.) मग वरणापासून यष्टीपर्यंत सगळं माझ्याकडून काढून घेण्यात आलं. कसं, ते मला अजून कळत नाही. शेवटी बेबीताईंनी विचारलं, “मंग तुमाले नाही वाटत काय एकटं?”

मी म्हणालो, म्हणजे तुम्हाला असं वाटतं की मला...

“आता हे विहीर बुजवा न मास्तर,” मुख्तारमिया म्हणाले.

“वाटतं,” मी म्हणालो. मग कोणीच काही बोललं नाही, आणि या खेपेला ते कोणाला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

निवाडा असा झाला की मी येत्या बुधवारी स्वतः उमरखेडला जाऊन तिला ‘परत येतेस का?’ असं विचारावं, आणि पुस्तक बरोबर नेऊ नये. मी वाटेत दिग्रसलाच उतरून परत येईन अशी शंका निघाली (ती रास्त आहे), म्हणून मुख्तारमिया आणि फुलसिंग सोबत येणार आहेत. परीक्षकांचा शेरा मला दाखवण्यात आला: ‘गटाची प्रगती उत्तम. मार्गदर्शक कोण होता, ते समजले नाही.’

घरच्या सर्वांस यथायोग्य सांगावं.

आपला,
विश्वंभर

ता. क. आपले सासरेबुवा बुधवारी दुपारी घरी असतात का, एवढं कळवावं. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं माझ्या हातातली कपबशी वाजते. (तुमच्याही हातातली वाजते, मी पाहिलं आहे.) सोबतची दोन माणसं पंच नाहीत आणि पोलीसही नाहीत, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं. कुत्रा बांधलेला असावा.

ता. क. २. पत्र पुन्हा वाचलं. यात सत्यशीलेसाठी एक शब्दही नाही. बुधवारी माझ्या तोंडून निघेल याची खात्री नाही, म्हणून बाकी काही वाचून न दाखवता तिला फक्त ‘मलाही’ असं सांगावं. ती ‘म्हणजे काय?’ असं विचारेल. तेव्हा कृपा करून तिचा प्रश्न तिलाच परत म्हणून दाखवू नका.