त्या उजेडाची गोष्ट भावाला देऊ नये

मी, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली भाषेची शिक्षिका, हा लेख माझ्या राहत्या घरी, खिडकीशी बसून, स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, ही त्यांची कृपा. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मी रागात आहे, हे खरं. पण रागात असणं म्हणजे शुद्धीत नसणं नव्हे, हे वकीलबाईंकडून खात्री करून घेतलं आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र, ज्यात सगळं काही धाकट्या भावाच्या नावे होतं, ते या लेखाने रद्द समजावं.

कलम पहिले. राहतं घर, अंगणासह, अण्वस्त्र निर्मूलन समितीला द्यावं. समितीत आता मोजकीच माणसं उरली आहेत, त्यांना बसायला माझी पुढची खोली पुष्कळ झाली. घराला माझं नाव देऊ नये. मात्र दारावरच्या पाटीत 'निर्मूलन' हाच शब्द ठेवावा. ही अट का, ते सांगते. निवडून आल्यावर भावाने समितीच्या पत्रकात 'निर्मूलन' खोडून 'नियंत्रण' लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, लोकांना तो शब्द झेपत नाही."

"दोन्ही चार-चार अक्षरांचे. न झेपायला काय पोतं आहे?"

तो हसला, मीही हसले. एक उपटायचं म्हणतो आणि दुसरा कुंपण घालून सांभाळायचं म्हणतो, हे जन्मभर मुलींना शिकवणारी मी, घरात मात्र हसून गप्प बसले. पत्रकात मी पुन्हा 'निर्मूलन' लिहिलं आणि विषय संपला, असं समजले.

कलम दुसरे. माझ्या यजमानांचे कुंचले, रंगाचे डबे आणि अक्षरं आखायची लांब पट्टी शाळेच्या चित्रकला वर्गाला द्यावी. हे सैन्यात पाट्या रंगवायचे. 'धोका', 'थांबा', 'पुढे जाऊ नये'. यांचं अक्षर इतकं देखणं, की 'धोका' वाचूनही माणसाला बरं वाटावं.

ओसाड माळावर बॉम्बची चाचणी झाली तेव्हा यांना इतरांबरोबर खंदकात बसवलं होतं. पाठ तिकडे करा, डोळे मिटा, वर तळहात दाबा, असा हुकूम. उजेड आला तेव्हा मिटलेल्या डोळ्यांतूनही यांना स्वतःच्या बोटांची हाडं दिसली. नंतर अंगावरची धूळ साध्या झाडूने झाडली आणि सगळ्यांना चहा दिला. माळावरच्या पाट्यांचा रंग फुगून सोलला होता. त्या पुन्हा रंगवायला यांनाच पाठवलं. पुढे रक्ताचा आजार झाला. आजाराचा चाचणीशी संबंध सिद्ध होत नाही, असं सरकारने कळवलं.

दवाखान्यात यांनी ही हकिगत एकदाच सांगितली, मला आणि माझ्या भावाला. भाऊ तेव्हा नुकताच वकील झाला होता. हे त्याला म्हणाले, "तू बोलतोस चांगलं. आमच्याच्याने बोलवत नाही. तू सांगत जा."

त्याने सांगितली. गावोगावच्या सभांत सांगितली. बोटांच्या हाडांपाशी आला की सभागृहात कोणी खोकत नसे. समिती त्यावर उभी राहिली. तो निवडूनही त्यावरच आला, हे मी कुणाचीही भीड न ठेवता लिहीत आहे. आईवडील गेल्यावर मीच त्याला वाढवलं होतं. त्याचं प्रत्येक भाषण आधी माझ्या टेबलावर यायचं. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची आणि फुगलेली वाक्यं कापायची.

अण्वस्त्रबंदीचा करार संसदेत मतदानाला आला, त्या दिवशीचं भाषण माझ्याकडे आलं नाही. मला वाटलं, घाईत असेल.

कलम तिसरे. माझा रेडिओ आणि वेताची खुर्ची शेजारच्या निवृत्त कर्नलसाहेबांना द्यावी. समितीच्या लोकांना नवल वाटेल, कारण ते जन्माचे बॉम्बवाले. दर आठवड्याला याच खुर्चीत बसून ते माझ्याशी भांडत आले आहेत.

"बाई, शेजाऱ्याच्या हातात दगड असताना आपला खाली ठेवायचा, हे कुठलं शहाणपण?"

"दगड नव्हे, काडी आहे साहेब. आणि दोघं एकाच गवताच्या गंजीवर बसलेले."

"ती काडी अजून कुणी ओढली नाही. कशामुळे? भीतीमुळेच ना?"

"आणि एखाद्या दिवशी भ्यालेल्याचाच हात थरथरला तर?"

यावर ते म्हणत, "आधी त्यांना टाकू द्या, मग आपण." ना ते हटले ना मी. पण त्यांनी मला कधी एक सांगून दुसरं केलं नाही.

मतदानाच्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. भाऊ उठला. यांची हकिगत सुरू केली, तोच खंदक, तीच हाडं. मी मान ताठ करून ऐकत होते. मग तो म्हणाला, "माझ्या भावोजींनी तो उजेड पाहिला होता. म्हणून मी ठामपणे सांगतो, ज्याच्या हाती तो उजेड आहे त्याच्या वाटेला कुणी जात नाही. भावोजींचं बलिदान मी वाया जाऊ देणार नाही. हा करार आम्हाला नामंजूर आहे."

बाकं वाजली. करार पडला. बलिदान म्हणे! यांना कुणी विचारलं होतं? झाडूने झाडलं होतं त्यांना. तो झाडू त्या दिवशी त्याच्या गोष्टीतून गळला होता, पाट्याही गळल्या होत्या.

कर्नलसाहेब टाळी न वाजवता बसून होते. जिना उतरताना म्हणाले, "बाई, जिंकलो आम्ही. पण मेलेल्या माणसाला असं फिरवून उभं करायला नको होतं." खुर्ची त्यांना या वाक्यासाठी.

भाऊ दुसऱ्या दिवशी घरी आला. "ताई, पक्षाचा आदेश होता. आता मंत्रिपद मिळेल, मग आतून काहीतरी करता येईल."

"आतून काय करणार? बॉम्बला रंग देणार?"

"जग बदललंय, ताई."

"तू बदललास. जगाला कशाला मध्ये घेतोस?"

तो स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला. मग लहानपणी विचारायचा तसंच विचारलं, "जेवायला आहे का काही?" आणि माझ्या हातांनी त्याला ताट वाढलं. मी नव्हते वाढत, हात वाढत होते. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं वाक्यात उपयोग करून शिकवलं. अर्थ त्या ताटापाशी कळला.

कलम चौथे. यांची हकिगत. ही माझी जंगम मिळकत नाही आणि असल्या गोष्टीची वाटणी कायद्यात बसत नाही, असं वकीलबाई म्हणतात. न बसो. ती ज्याला सांगायची असेल त्याने सांगावी, कर्नलसाहेबांनीसुद्धा. मात्र झाडूसकट, पाट्यांसकट सांगावी. भावाने सांगू नये. माझ्या अंत्यविधीला त्याने यावं, रांगेत उभं राहावं, वाटलं तर रडावं. बोलू नये.

कलम पाचवे. माझ्या सोन्याच्या बांगड्या भावजयीला द्याव्यात. तिच्याशी माझं वाकडं नाही.

इथवर लिहून झालं होतं. वकीलबाई बसल्या होत्या, सही करायला डॉक्टर आले, दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत होतो, तेवढ्यात भावजय माझी औषधं घेऊन आली. टेबलावरचा कागद तिने उभ्यानेच वाचला. मी अडवलं नाही. पुढचं घडलं तसं जोडीत आहे.

ती म्हणाली, "वन्सं, दुसरी सही मी करते."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमच्या बांगड्या जातील."

"जाऊ देत."

"अगं, घरी काय सांगशील?" मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. "ते भाषण त्यांनी आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मी दारात होते. मला म्हणाले, 'कसं वाटलं?' मी म्हटलं, 'चांगलं आहे.'" मग हात पुढे करून म्हणाली, "पेन द्या, वन्सं."

बांगड्या समितीला द्याव्यात. ही पाचव्या कलमाची दुरुस्ती समजावी.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: ११ फेब्रुवारी, सकाळ.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, गल्लीच्या कोपऱ्यावरचा दवाखाना. (सही)

साक्षीदार दुसरी: लिहून ठेवणारीच्या भावाची पत्नी. (सही)
(नातं खोडून नुसती सही ठेवू का, असं वकीलबाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या. कुणाच्या घरातली सही आहे, ते कळू दे.")