गावदेवीची वाट

हरेश,

चिरंजीव आणि आशीर्वाद, दोन्ही मुद्दाम गाळलेत.

इंग्लंडच्या डोंगरातले तुझे फोटो घरच्या ग्रुपवर रोज येतात. तू, रुचिका, पोरं, सगळ्यांच्या हातात काठ्या आणि मागे मेंढ्या. कालच्या फोटोत एक लाकडी फाटक होतं. खाली तू लिहिलंस, 'इथे शेतातून डोंगरावर जाणारी जुनी वाट मालकालाही अडवता येत नाही. कोणीही जावं, फक्त फाटक मागे लावून घ्यावं. किती मोठ्या मनाची माणसं.'

पूर्ण्यातल्या आपल्या गोदामाला तूच भिंत घातलीस, गावदेवीच्या टेकडीची वाट आत घेऊन. मंगळवारी आई ओटी घेऊन निघाली, तर तुझ्या वॉचमननं तिला गेटपास मागितला. ती म्हणाली, "माझ्या पोराचीच जागा हाय ही." तो म्हणाला, "सेठ का ऑर्डर है, माँजी." आई नारळ तसाच घेऊन परत आली. वर मलाच म्हणते, "त्याला सांगू नको, पोरगा फिरायला गेलाय."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तू तिथूनच वॉचमनला फोन लावशील, आणि मला रविवारपर्यंत वेळ हवाय. गावातल्या बायका तयार आहेत, जेसीबी सांगून ठेवलाय.

सोमवारी उतरलास की कॅमेरा गळ्यातच ठेव. फोटो काढण्यासारखी वाट इथेही असेल. फाटक मात्र नसेल.

तुझ्याहून मोठी,
सुवर्णा