अस्वलांची मापं

ता. ७ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

माझ्याकडून एक घोळ झालाय. आईला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितेय. बालवर्गाला सध्या अस्वलं शिकवतेय. पोरांना वाटतं अस्वल म्हणजे एकच, दुकानातलं, गळ्यात रिबीन बांधलेलं. म्हटलं, खरी रानातली दाखवावीत. बर्फातलं पांढरं झालं, खांद्यावर उंचवटा असलेलं तपकिरी झालं, छातीवर पिवळा पट्टा मिरवणारं छोटं सूर्य-अस्वलही झालं. मग आलं काळं, झिपरं, वारुळातली वाळवी ओढून खाणारं, आणि तुझ्या भाचीच्या अंगातच आलं. काळी चादर पांघरून मी टेबलाखालून गुरगुरत बाहेर आले. बाकीची खिदळली. पण सगळ्यात लहान पोरगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या.

तेव्हापासून ती शाळेत येत नाही. शाळा म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसते. महिनाअखेरपर्यंत आली नाही तर नाव काढून घेऊ, असं तिची आई म्हणते. अति तिथे माती, दुसरं काय! मला फार वाईट वाटतंय गं. काहीतरी सुचव.

तुझा लोभ लहानपणापासून फुकट मिळतोय, तो बंद करू नकोस.

तुझी भाची


ता. ११ ऑगस्ट

चि. गुरगुरणाऱ्या बाईंस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. तुझे काकाही हसले. मग चिमणीचा विचार आला आणि जीव कळवळला.

अशी एखादी चिमणी माझ्या शिवणाच्या दुकानात रोज येते. गळ्यात टेप, हातात कात्री, ओठांत टाचण्या, असलं ध्यान बघून पोर आईच्या मागे दडतं. मी समजावत बसत नाही. टेप त्याच्याच हातात देते आणि सांगते, आधी तू माझं माप घे. माझ्या कमरेला टेप पुरत नाही म्हटल्यावर कार्टं हसायलाच लागतं. ज्याचं माप आपण घेतलं, त्याची भीती उरत नाही बघ.

सोबत जुनी टेप पाठवतेय. तिच्या घरी जा. अस्वलांना कोट शिवायचेत, मापाला माणूस हवंय, एवढंच सांग. आणि ती चादर घरी ठेव.

पोटभर जेवत जा. उपाशी पोटी माझे आशीर्वाद लागू पडत नाहीत.

मावशी


ता. २० ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

खऱ्याएवढी अस्वलं कागदातून कापली आणि गुंडाळून चिमणीकडे नेली. पांढरं बैठकीत मावेना, त्याचे मागचे पाय स्वयंपाकघरात गेले. चिमणी पलंगाखालून बघत होती. मी मुद्दाम टेप वेडीवाकडी धरून बसले. तिला ते काही बघवेना. बाहेर आली आणि टेप हिसकावून घेतली.

मग काय, बाईसाहेब अस्वलांच्या अंगावरून रांगत सुटल्या. आकडे अजून येत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या मापाची सुतळी कापून घेतली. पांढऱ्याची केसांखालची कातडी काळी असते म्हटल्यावर म्हणाली, मग त्याला कोट नको, त्याने घातलाय. सूर्य-अस्वल केवढंसं ते पाहून स्वतःचाच फ्रॉक त्याला लावून बघितला. काळं मी शेवटी उलगडलं. ती थबकली. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढतं, असं सांगितलं. तिने ओठांचा चंबू करून ओढून पाहिलं, मग त्याचंही माप घेतलं. जाताना मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि माझ्या उंचीचीही एक सुतळी कापली.

आज चिमणी शाळेत आली! सगळ्यात जास्त भीती कुठल्या अस्वलाची वाटते, असं मी वर्गाला विचारलं. कुणी पांढरं म्हणालं, कुणी तपकिरी. चिमणीने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. वर्ग हसून हसून दमला, तेव्हा तिने खिशातून माझी सुतळी काढली, सगळ्यांपुढे ताणून धरली आणि म्हणाली, आता नाही वाटत, बाई एवढ्याच आहेत.

लोभ मात्र माप न घेता करावा.

तुझी, एवढीच, भाची