एक सेकंदही कापायचा नाही

३ मार्च
अखेर न्याय! १९८१ साली आमच्या ‘डॅम्प कॉलर्स’ बँडने ग्लासगोत रेडिओसाठी वाजवलेलं सगळं सापडलं. लंडनची एक कंपनी त्याची रेकॉर्ड काढणार. नाचायला लावणारे बँड तेव्हा ढिगाने होते. विचार असलेला एकच, आणि तो विचार गायकाचा. म्हणजे माझा. रेकॉर्डनिमित्त जूनमध्ये बँडचा कार्यक्रम आहे, त्यात बाकीचे तिघे आता मला गायला बोलावणारच. न बोलावून जातात कुठे!

५ मार्च
कंपनीला खरमरीत पत्र. दोन गाण्यांच्या मधलं बोलणंही घ्या, एक सेकंदही कापायचा नाही, नाहीतर सही मिळणार नाही. इतिहासाला कात्री हुकूमशहा लावतात! बेकारीवरचं माझं भाषण जगाने ऐकलंच पाहिजे. बायको इला म्हणाली, स्ट्रुअन, लोकांना नाचायचंय रे, त्यांना कशाला छळतोस? तिला समाजकारण कळत नाही.

१९ मार्च, सकाळी
बास वाजवणाऱ्या ग्रीअरचा फोन. जूनमध्ये गायक घ्यायचा का, हे टेप ऐकून ठरवू म्हणाली. ऐका की! रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. उद्यापासून.

२ एप्रिल
गुळण्या राहिल्या. माझा घसा मुळातच उत्तम. चामड्याची जुनी पँट काढली. कपाटात राहून आटली आहे.

११ एप्रिल
टेप आली. काय ती वाणी! मात्र भाषणाच्या चौथ्या मिनिटाला रेकॉर्डिंगवाला लॉर्न मध्येच मला सांगतो, राजा, कँटीनमधल्या खिमा भरलेल्या गरम ब्रायड्या संपत आल्यात, पळ. मी पळालो. दार आपटल्याचा आवाज. लगेच ग्रीअर म्हणते, गेला एकदाचा, वाजवा रे पटकन! पुढे सात मिनिटं नुसतं वादन.

१२ एप्रिल
कंपनीला तातडीचं पत्र. संपादन ही थोर कला आहे. तेवढं कापा.

२० एप्रिल
उत्तर: आपल्या तत्त्वनिष्ठेने आम्ही भारावलो होतो, अटीनुसार सगळं जसंच्या तसं छापून झालं आहे.

९ मे
वर्तमानपत्राने त्या सात मिनिटांना रेकॉर्डचा प्राण म्हटलंय. ग्रीअरचा फोन: जूनमध्ये तिघंच वाजवणार, गायक नको, पण तू ये हं, पुढची खुर्ची ठेवते. मी तत्त्वांवर बोलू लागलो. तिने ऐकून घेतलं, हेच वाईट.
संध्याकाळी इलाने रेकॉर्डवरचं तेच वादन लावलं आणि भांडी पुसता पुसता नाचू लागली. मी बंद करायला तरातरा उठलो. सातही मिनिटं तिथेच उभा होतो.
सुई पुन्हा सुरुवातीला मीच ठेवली.